धुडकू नाना आणि वरची ऑर्डर

सरकारनं काढलेला कुठलाही निर्णय आमच्या गावात लागू व्हायचा असेल, तर त्याला आधी मारुतीची मंजुरी लागते. मुंबईतल्या मंडळींना हे माहीत नाही, म्हणून ते आपले आनंदात असतात. ही मंजुरी मिळवून देण्याचं काम आमचे धुडकू नाना रोज सकाळी सात ते आठ या वेळात, बिनपगारी आणि बिनचूक करतात.

पद्धत अशी आहे. नाना आंघोळ उरकून, धोतर-बंडी चढवून, टोपी नीट करून मारुतीच्या देवळात येतात. काखेत पेपर असतो. पेपर कालचा असतो, कारण आजचा पहिल्या बसनं नऊला येतो. मी एकदा म्हटलं, "नाना, देवाला शिळ्या बातम्या कशाला वाचून दाखवता?" तर म्हणाले, "देवले काय घाई शे? त्याले कालनं बी चालस." मग ते चष्मा लावून सरकारचा एकेक निर्णय मारुतीला मोठ्यानं वाचून दाखवतात. एक वाचून झाला की बंडीच्या खिशातून कापडी पिशवी काढतात. तिच्यात दादर असते, म्हणजे आमच्या खानदेशातली रब्बीची ज्वारी. त्यातली एक चिमूट घेऊन ओट्यावर ठेवायची आणि दोन-दोन दाणे बाजूला करत जायचं. सगळे जोडीनं सुटले तर देवाचा होकार. शेवटी एक दाणा एकटा उरला तर नकार.

आता कुणीही म्हणेल, असं असेल तर निम्मे निर्णय नामंजूर होत असतील. तसं होत नाही. पेपरातला एकही निर्णय आजवर नामंजूर झालेला नाही. एक दाणा उरला की नाना सगळे दाणे पिशवीत परत टाकतात, बोटं धोतराला पुसतात आणि नवी चिमूट घेतात. "चिमूट चुकनी," म्हणतात. "देव नही म्हणत नही, आपलं इचारानं चुकस." कुठल्याशा कराची वाढ एकदा नवव्या चिमटीला मंजूर झाली. मी शाळेच्या किल्ल्या हातात घेऊन ताटकळत उभा होतो, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे.

मी या गावात शिक्षक. धुळ्याच्या गल्लीत वाढलेला माणूस, पंधरा वर्षांपूर्वी इथे नेमणूक झाली तेव्हा नानांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली ती आजतागायत सोडली नाही. गाव धुळ्याहून चाळीसगावला जाणाऱ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत आहे. शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. म्हणजे दिवसभर पोरांच्या डोक्यात भरायचं की राज्यकर्ते आपण निवडतो, आणि संध्याकाळी घरी आलं की शेजारी नाना. ते म्हणणार, राज्यकर्ते देव नेमतो. कित्येक वर्षं हा वाद चालला आणि त्यात मी एकदाही जिंकलो नाही.

"नाना, मी स्वतः मतदान केंद्रावर ड्यूटी करतो. रांगा बघतो. लोक बटण दाबतात, त्यातून माणूस निवडून येतो. देव कुठे येतो मधे?"

"बटन लोके दाबतस, हाई खरं शे. पन बोट कोन हालावस?"

यावर मी चहा पीत बसायचो. चहा नानांच्या घरचाच असायचा, त्यामुळे फार ताणताही येत नसे.

नानांचा कुठल्या एका पक्षावर जीव आहे असं समजू नका. ते सगळ्यांचे. जो खुर्चीवर बसला तो देवानं बसवला, एवढंच त्यांचं राजकारण. कुणी पुढाऱ्याला शिवी दिली की ते कानावर हात ठेवतात. कुणी चांगलं बोललं तरी म्हणतात, "त्यानं काय शे त्यामा? वरथून ऑर्डर शे." हे त्यांचं पेटंट वाक्य. पाणी आलं नाही, वरथून ऑर्डर शे. रस्ता झाला, वरथून ऑर्डर शे. तलाठ्यानं चौथ्यांदा हेलपाटा मारायला लावला, तरी हेच. तलाठीसुद्धा त्यांच्यावर खूश असतो, कारण गावात त्याच्याकडे इतक्या आदरानं बघणारा दुसरा कुणी नाही.

मधल्या काळात आपल्याकडे पुढारी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जायला लागले. काल ज्याच्या विरुद्ध घसा फोडला त्याच्याच मांडीला मांडी लावून आज बसले. मला वाटलं, आता नाना सापडले. पेपर घेऊन मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. "नाना, देवानं याला त्या पक्षात निवडून दिलं आणि हा रातोरात या पक्षात. आता देवाची ऑर्डर कुठली खरी?"

नानांनी पेपर दोन्ही बाजूंनी पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "बदली व्हयनी त्यानी. तुमनी नही व्हत का? देवनं बी ऑफिस शे."

एकदा आमदार आमच्या ओढ्यावरच्या मोरीचं उद्घाटन करायला आले. मांडव, हार, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या. नाना पहिल्या रांगेत हात जोडून उभे. आमदार बसले आणि खुर्चीचा मागचा पाय मोडला. माणूस दणकट, खुर्ची तकलादू. आमदार हळूहळू मागे कलत गेले आणि हारांसकट खाली बसले. सगळ्यांना हसू आलं होतं, पण हसायची कुणाची टाप नव्हती. त्या शांततेत नानांचा आवाज आला. ते आभाळाकडे बघत, अगदी काकुळतीनं म्हणत होते, "देवा, इतली घाई का बरं करी?" मग मात्र अख्खा मांडव हसून आडवा पडला. आमदारसुद्धा बसल्या जागी हसले, हे त्यांच्या मोठेपणाला धरून सांगितलं पाहिजे.

नानांची लेक सावद्याला दिलेली आहे. जावयाच्या केळीच्या बागा. एका वर्षी गारपिटीनं बाग झोपली आणि भरपाईच्या नियमात काहीतरी अडकलं. जावई जेवताना मंत्र्याला वाटेल ते बोलला. नाना हात धुऊन ताटावरून उठले. "ज्याले देवनी बसाडेल शे त्याले शिव्या देशी? मंग देवलेच दे ना!" जावईही बागेच्या दुःखात होता. तो म्हणाला, "देवालाच देतोय, मामा. गारा कोणी पाठवल्या मग?" नाना न जेवता गावी परत आले. तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी माझ्याकडून सावद्याला फोन लावून घेतला आणि जावयाला एकच वाक्य सांगितलं, "गारपीटनं खातं येगळं शे." फोन ठेवला आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

असे आमचे नाना. मला त्यांची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडी कीवही यायची. सत्तरी उलटलेला हुशार माणूस, पेपर अक्षर न् अक्षर वाचणारा, आणि डोक्यात हे काय घेऊन बसला आहे असं वाटायचं. मी चिकाटीचा माणूस आहे. कधी कधी शाळेचं पुस्तकच घेऊन जायचो आणि त्यांना वाचून दाखवायचो, की अमुक पदावरची व्यक्ती आपल्या निर्णयाला स्वतः जबाबदार असते. नाना ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "पुस्तक चांगलं शे, गुरुजी," आणि उठून गोठ्यात जायचे. तेव्हा मला वाटायचं, माझा मुद्दा त्यांना पटतोय पण कबूल करायचा नाहीये.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली निघाली. यादी मोबाइलवर आली, त्यात माझं नाव. जागा अशी लांब की धुळ्यात राहणाऱ्या बायको-पोरांची महिनोन्‌महिने भेट झाली नसती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून सरळ देवळात गेलो. नानांचं मंजुरीचं काम चालू होतं. मी अर्धवट चेष्टेनं, अर्धवट कशानं तरी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "नाना, हा पण निर्णय सरकारचाच आहे. वाचा."

नानांनी वाचला. माझं नाव आलं तिथे त्यांचा आवाज जरा खाली गेला. मग पिशवी काढली. चिमूट घेतली. दोन, दोन, दोन असे दाणे बाजूला करत गेले. एक उरला.

मी दुसऱ्या चिमटीची वाट बघत उभा राहिलो. नानांनी पिशवीची नाडी आवळली.

"देव नही म्हणस," ते म्हणाले.

"अहो, दुसरी चिमूट?"

"दुसरी कसानी? त्यानी एकदाव सांगं ना!"

इतक्या वर्षांत जे कुठल्या कराला मिळालं नाही, कुठल्या कायद्याला मिळालं नाही, ते माझ्या बदलीला पहिल्या चिमटीत मिळालं. मला भरून आलं. पण मी पडलो शिक्षक. भरून आलं तरी मुद्दा सोडवत नाही. मी म्हणालो, "सापडलात, नाना! म्हणजे देव नाही म्हणू शकतो. म्हणजे काही निर्णय देवाचे नसतातच, माणसाचे असतात. घेणाऱ्याचे."

नानांचा चेहरा उतरला. नुसता उतरला नाही, माझ्या डोळ्यांदेखत माणूस म्हातारा झाला. ते खाली मांडलेले दाणे वेचायला लागले, तर ते बोटांत येईनात. मी मदतीला वाकलो तसे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमना शाळाना टाइम व्हयना, गुरुजी."

दोन दिवस चहा बंद. माझं काय चुकलं ते मला कळेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांच्या पत्नी अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन माझ्या खोलीवर आल्या. ताटली ठेवली आणि दारातच बसल्या.

"गुरुजी, त्यासले तसं बोलू नका," अक्का म्हणाल्या. "त्यासना काळीजमा काटा शे. तुम्हीन तठेच बोट ठेवतस."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला गावात इतकी वर्षं राहून कुणी सांगितलं नव्हतं. खेड्यात जे सगळ्यांना माहीत असतं ते परक्याला सांगायचं कुणाला सुचत नाही.

बसथांब्यासमोर राहणारे सुकलाल दादा हे नानांचे सख्खे थोरले भाऊ. मला वाटायचं, लांबचे भाऊबंद असतील, कारण दोघांना बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला शिकवलं. नाना मॅट्रिक झाले ते दादांच्या जिवावर. पुढे दोघांची लग्नं झाली, घरं वेगळी झाली, पण कानबाई एकच राहिली.

कानबाई ही आमच्या खानदेशची घरोघरची देवी. श्रावणात रविवारी ती बसते आणि सोमवारी तिला नदीवर पोचवतात. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, पाळण्यातल्या पोराच्यासुद्धा. ज्यांचे गहू एकत्र मोजले जातात ते एका घरचे. दादा थोरले, म्हणून कानबाई त्यांच्याकडे बसायची. सोमवारी सकाळी तिला त्यांच्या घरापुढच्या मोठ्या ओट्यावर आणायचे, बाया गाणी म्हणायच्या, सगळं गाव पाया पडून जायचं.

मग सरपंचपदाची निवडणूक आली. गावातल्या दोन गटांनी एकाच घरातून दोन माणसं उचलली. ही युक्ती जुनीच आहे. एका गटाचे दादा, दुसऱ्याचे नाना. सदस्य नऊ, त्यातला एक नेमका सासुरवाडीला गेला होता. मतं पडली चार-चार. तेव्हा नियमाप्रमाणे दोन चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या आणि पहिलीतल्या एका पोरीनं डोळे मिटून एक काढली. नाव निघालं नानांचं. दादांनी स्वतः येऊन धाकट्याच्या कपाळाला गुलाल लावला. माणसांची मतं सारखी पडली आणि देवानं निकाल दिला, असं सगळं गाव म्हणायला लागलं. नाना तर काय, त्या दिवसापासून हवेतच होते. मला देवनी बसाडं, असं ज्याला त्याला सांगायचे.

वर्षाच्या आत रस्त्याचं काम निघालं. तोवर बस फाट्यावरच थांबायची. आजारी माणूस, बाळंतीण, सगळ्यांना फाट्यापर्यंत बैलगाडी. बस गावात यायची तर रस्ता रुंद हवा आणि गाडी वळायला जागा हवी. दादांचा ओटा त्यात येत होता. एके दिवशी सकाळी तो पाडला. दादा दारात उभे होते. त्यांनी भांडण केलं नाही, आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "धुडकू, हाई कोनी ठरावं?"

नाना म्हणाले, "वरथून ऑर्डर शे."

दादा आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या श्रावणात दोन घरांचे गहू वेगळे मोजले गेले. गावाच्या भाषेत रोट वेगळे झाले, म्हणजे भाऊ भाऊ राहिले नाहीत. याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

अक्का गेल्यावर मी भाकरी तशीच ठेवून बसून राहिलो. मला माझीच लाज वाटत होती. निर्णयाची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, हे वाक्य मी त्या माणसाला पुस्तक हातात घेऊन, तळमळीनं, किती वेळा वाचून दाखवलं होतं! कुठलाही एक निर्णय देवाचा नाही असं ठरलं, तर तो एक कुठला असेल याची त्यांना भीती होती. म्हणून बिचारे रोज सकाळी सगळ्या सरकारांची बाजू मारुतीपुढे मांडत होते.

माझी बदली पुढे रद्द झाली. यादीच नव्यानं निघाली आणि तीत माझं नाव नव्हतं. नाना ते श्रेय मारुतीला देतात, मी आमच्या संघटनेला देतो. पण त्या दिवसापासून मी वाद घालणं सोडलं. नाना म्हणाले वरथून ऑर्डर, तर मी म्हणायचो, हो नाना.

या वर्षी उन्हाळ्यात सुकलाल दादांचा मुलगा संजय सुरतेहून आला. दादांच्या घरच्या वारल्यापासून म्हातारा एकटाच होता, गुडघे पार गेलेले, भाकरी शेजारून यायची. संजयनं ठरवलं, आता बापाला कायमचं सुरतेला न्यायचं आणि घराला कुलूप लावायचं. रविवारी सकाळच्या बसनं धुळं गाठायचं आणि तिथून सुरतेची गाडी धरायची. न्हाव्याच्या दुकानातून ही बातमी शनिवारी सगळ्या गावात गेली, तशी नानांच्याही कानावर गेली.

रविवारी मला सुट्टी. साडेआठला मी देवळापाशी गेलो, तर नाना अजून मारुतीपुढे नुसते बसले होते. पेपर घडी घातलेला तसाच मांडीवर. मला पाहून उठले. "गुरुजी, चाला मनासंगे," म्हणाले. कुठे ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चालताना त्यांनी माझा दंड धरला होता.

थांब्यावर सुकलाल दादा पत्र्याच्या पेटीवर बसले होते. डोक्यावर धुतलेली टोपी, हातात काठी. संजय बोचकी मोजत होता. थांबा म्हणजे आमच्याकडे चार खांब आणि वर पत्रा. तो अगदी दादांच्या दारासमोर आहे, जिथे पूर्वी ओटा होता तिथे. आजूबाजूला निरोप द्यायला आलेली पाच-सात माणसं होती. नाना दिसताच त्यांची कुजबूज थांबली.

नाना भावासमोर जाऊन उभे राहिले.

"दादा."

दादांनी वर बघितलं.

"दादा, तो ओटा देवनी तोडा नही. मी तोडा."

नानांच्या तोंडून शब्द ओढून काढावे लागत होते. "मोजणीना साहेबनी माले इचारं व्हतं, रस्ता डावीकडे सरकाडू का उजवीकडे. दोन्ही बाजूथून जमत व्हतं. उजवीकडे त्या गोडाऊनवालानी भिंत व्हती. त्यानी माले निवडणूकमा मदत करेल व्हती. त्यानाकडे बोट दावाले माले भ्याव वाटनं. तुनाकडे दावाले नही वाटनं. तू मना भाऊ व्हता. वरथून काहीच उनं नव्हतं, दादा. ते मनं बोट व्हतं."

हे अक्कांनाही माहीत नव्हतं. मला वाटतं, त्या साहेबाखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. निदान नाना तसं समजत होते.

दादा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "माले माहीत शे. मी खिडकीमाईन देखी राहिनू व्हतू."

"माहीत व्हतं? मंग बोलना का बरं नही? चोवीस वरीस!"

"मी इचारं ना तुले. तू देवनं नाव सांगं. मंग देवसंगे कोन भांडी?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. नाना उभ्या उभ्या रडत होते. डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. मीही फार कोरडा होतो असं नाही.

इतक्यात बस आली. वळण घेऊन आमच्यासमोर थांबली. दादा उठायला गेले तर गुडघ्यांनी दगा दिला. संजय बोचक्यांत गुंतलेला. नानांनी पुढे होऊन भावाच्या काखेत खांदा घातला. दोघं म्हातारे एकमेकांना धरून बसच्या पायरीपर्यंत गेले. कंडक्टर आधी "चला, चला, लवकर," असं ओरडत होता, मग त्यांच्याकडे बघून त्यानंच दार धरून ठेवलं.

पायरीवर एक पाय ठेवून दादा थांबले. मागे वळून स्वतःच्या दाराकडे पाहिलं, मग पायाखालच्या डांबराकडे.

"तो ओटा ऱ्हाता ना, धुडकू," ते म्हणाले, "ते आज ह्या गुडघा लिसनी माले फाटापावत पायी जानं पडतं."

नानांनी दोन्ही हातांनी भावाचे पाय धरले. बसच्या पायरीवर, चपलांसकट. दादा म्हणाले, "ऊठ, ऊठ, लोके देखी राहिनात," आणि त्यांनी धाकट्याच्या पाठीवर एक हलकी चापट मारली. मग संजयनं त्यांना वर घेतलं.

ते खिडकीशी बसले. कंडक्टरनं घंटी मारली, तसं दादांनी काच सरकवून नानांना जवळ बोलावलं. इंजिनाच्या आवाजात त्यांना जवळजवळ ओरडावंच लागलं, म्हणून ते मलाही ऐकू आलं.

"चिठ्ठी काढी ना, त्या दिन मी मारुतीले सांगेल व्हतं. म्हनं, मनं नाव नको काढू, धाकलानं काढ. त्याले भलती हौस शे."

बस निघून गेली.

मी नागरिकशास्त्राचा शिक्षक. नानांना खुर्चीवर कोणी बसवलं, असं त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं. नानांनीही काही विचारलं नाही. ते बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले आणि मग माझ्या दंडाला धरून घरी आले. अक्कांनी चहा ठेवला. नाना खाटेवर बसले, चहा निवून गेला तरी बशीला हात लावला नाही. अक्का एकदा माझ्याकडे बघत, एकदा त्यांच्याकडे. मी थांब्यावर काय झालं ते त्यांना सांगितलं. त्या ऐकता ऐकता पदरानं डोळे टिपत होत्या आणि मधूनच नानांना रागेही भरत होत्या, की हे चोवीस वर्षांपूर्वी बोलला असतात तर?

तासाभरानं नानांचा मोबाइल वाजला. नाना चष्मा शोधायला लागले, म्हणून मीच उचलला. संजय होता. धुळ्याच्या स्टँडवरून बोलत होता. म्हणाला, "काकांना द्या, गुरुजी. बाबांना बोलायचंय. मघापासून मागे लागलेत, लाव लाव म्हणून."

मी फोन नानांच्या हातात दिला. समोरून आवाज आला तसे नाना खाटेवरून उठून उभे राहिले. टोपी सरळ केली. दादा पलीकडून बरंच काही बोलत होते. शब्द मला कळत नव्हते, नुसता म्हाताऱ्या आवाजाचा चढ-उतार ऐकू येत होता. बहुतेक नीट पोचलो, चहा घेतला, दाराचं कुलूप एकदा ओढून बघ, असंच काहीतरी असावं. नाना मात्र नुसती मान हलवत होते. पलीकडच्याला मान दिसत नाही हे अक्कांनी त्यांना खुणेनं सांगितलं.

तेव्हा नाना बोलले. "हाव, दादा," म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, "हाव, दादा. हाव."